दोन डिटेलिंगच्या मधल्या काळात गाडी कशी जपावी, हे मालकाला कसे शिकवावे

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर भागात नुकताच कार डिटेलिंगचा, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवण्याचा, व्यवसाय सुरू केलेल्या एका तरुण मित्राने तीन शंका विचारल्या आहेत. पॉलिश आणि कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) करून आरशासारखी चमकवून दिलेली गाडी चार-सहा महिन्यांनी परत येते तेव्हा तिच्यावर पुन्हा रेघांचे जाळे आणि पाण्याचे पांढरे डाग असतात, आणि मालक म्हणतो की तुमचे काम टिकले नाही. अशा मालकांना मधल्या काळातली देखभाल शिकवण्याची जबाबदारी आपली आहे का, शिकवायची तर नेमके काय आणि कसे शिकवावे, आणि सगळे शिकवून टाकल्यावर आपल्याच धंद्यावर परिणाम होणार नाही का, असे त्यांचे विचारणे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बाजूला बरीच वर्षे हेच काम करत असल्याने मी सविस्तर लिहितो.

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. शिकवलेच पाहिजे, आणि गाडी मालकाच्या ताब्यात देण्याच्या कामाचाच तो भाग समजून शिकवले पाहिजे. याचे कारण रंगाच्या जाडीत आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो, आणि त्यातला सगळ्यात वरचा, चमक देणारा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. रेघा काढण्यासाठी आपण कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) आणि मशीन लावतो तेव्हा रेघ भरून येत नाही. तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून तिच्या तळापर्यंत खाली आणला जातो. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटकही याच थरात असतात; त्यामुळे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या प्रदेशात हा थर विरळ झालेल्या गाडीचे छत आणि बॉनेट आधी निस्तेज होते, मग पांढुरके पडते आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. तिथे पॉलिशचा इलाज संपतो आणि नव्याने रंग मारण्याचा खर्च सुरू होतो. मालकाला हे समजले नाही तर तो दर वर्षी ‘एकदा घासून द्या’ म्हणत येईल आणि त्याच्या गाडीचे आयुष्य आपल्याच हातून कमी होत जाईल.

आता रेघा येतात कुठून, ते पाहू. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरच्या बारीक रेघा बहुतेक करून रस्त्यावर पडलेल्या नसतात. त्या घरच्या अंगणात, गाडी मोठ्या मायेने पुसताना पडलेल्या असतात. सकाळी उठल्याबरोबर जुन्या धोतराचे किंवा बनियनचे फडके घ्यायचे, दोनदा झटकायचे आणि छतापासून बंपरपर्यंत गाडी कोरडीच पुसून काढायची, ही सवय गावोगावी आहे. आपल्याकडच्या धुळीत मुरूम असतो, कोळशाची भुकटी असते आणि रेतीच्या गाड्यांच्या मागून येताना बसलेले गारगोटीचे कणही असतात. गारगोटीचा कण कठीणपणाच्या मोह मापावर 7 इतका, म्हणजे खिडकीच्या काचेपेक्षाही कठीण असतो, आणि क्लिअर कोट तर काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. फडक्याखाली सापडलेला असा कण हात जिकडे फिरेल तिकडे रेघ ओढत जातो. हिवाळ्यात हे आणखी वाईट होते. रात्रीचे दंव धुळीवर पडते, सकाळी गाडी ओली दिसते, आणि ओली आहे म्हणजे पुसायला हरकत नाही असे वाटून माणूस हात फिरवतो. पण कण सोडवून वाहून नेण्याइतके पाणी दंवात नसते, त्यामुळे तयार झालेला चिखलच रंगावर घासला जातो.

म्हणून मालकाला एकच गोष्ट शिकवता येणार असेल, तर ही शिकवा की धूळ बसलेल्या गाडीला फडके लावायचे नाही. बाकी सगळे नंतर. धूळ दिसते आहे तर दिसू द्यावी. साधी धूळ दोन दिवस बसून राहिली म्हणून रंगाचे काही बिघडत नाही, घासली की बिघडते. याला अपवाद आहे तो सिमेंट कारखान्यांच्या आणि औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातल्या गाड्यांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-कोरपन्याकडची सिमेंटची धूळ आणि वीज केंद्राजवळची राख दंवाने किंवा पावसाच्या शिडकाव्याने भिजली की क्षारधर्मी लेप होऊन रंगावर घट्ट बसते, त्यामुळे तिथल्या मालकाला गाडीवर वरचेवर भरपूर पाणी सोडायला सांगावे लागते. पण तिथेही कोरडे फडके नाहीच.

शिकवायचे कोणाला, हा प्रश्न आपल्यातले बरेच जण विचारातच घेत नाहीत. गाडी ज्याच्या नावावर असते तो ती धुतो, असे आपल्याकडे क्वचितच घडते. गाडी धुतो सालगडी, ड्रायव्हर, धाकटा भाऊ किंवा कॉलेजातून सुटीवर आलेला भाचा. आपण दुकानात मालकाला अर्धा तास सांगतो, तो मान डोलावतो, घरी जाऊन गड्याला ‘नीट धुत जा’ एवढेच म्हणतो, आणि तिसऱ्या दिवशी तेच फडके तसेच फिरते. त्यामुळे गाडी न्यायला येताना धुणाऱ्या माणसाला सोबत आणा, असे मी बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवतो. तो आला की त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि भाऊ म्हणून त्याच्याशीच बोलावे. मालकासमोर त्याच्या चुका मोजू नयेत. एका सालगड्याने मला मनापासून विचारले होते, ‘‘मी त रोजच पुसतो जी गाडी, मंग ह्या रेघा कायच्या आल्या?’’ त्याने कामात कुचराई केलेली नव्हती. उलट तो रोज राबला होता, आणि त्याला हे कोणी कधी दाखवलेच नव्हते. अशा माणसाला एकदा कारण कळले की तो मालकापेक्षा जास्त काटेकोरपणे गाडी सांभाळतो, हा माझा अनुभव आहे.

त्याला कारण तोंडाने सांगू नका, दाखवा. त्यासाठी भंगारवाल्याकडून एखाद्या काळ्या गाडीचे बॉनेट विकत घ्या, त्याचा अर्धा भाग मशीनने स्वच्छ पॉलिश करून ठेवा आणि त्या पॉलिश केलेल्या भागाच्या मधोमध टेप लावा. माणूस आला की टेपच्या एका बाजूला अंगणातली चिमूटभर धूळ टाका आणि त्याच्याच हाताने, त्याने घरून आणलेल्या फडक्याने, नेहमी पुसतो तसे चार हात मारायला सांगा. मग बॉनेट सावलीत घेऊन मोबाइलचा टॉर्च त्यावर धरा. दिव्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलाकार रेघा उमटलेल्या दिसतात. टेपच्या पलीकडे दिवा तसाच नितळ दिसतो. खरे तर रेघा सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या प्रकाशाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या गोल दिसतात. टॉर्च सरकवला की जाळेही सरकते. हे पाहून माणूस आपणहून फडके बाजूला ठेवतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर रेघा सहसा नजरेत येत नाहीत, त्यामुळे तिच्या मालकाला आपल्या गाडीवर काहीच नाही असे वाटत असते. त्याला टॉर्च हातात देऊन गाडीभोवती एक फेरी मारायला लावा.

यानंतर पाणी. आपण दर्यापूरचे आहात, त्यामुळे इथे मला थोडे थांबून लिहावे लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा जमिनीखालच्या खारट पाण्यासाठी ओळखला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची म्हणजे टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालते. तुमच्याकडच्या कित्येक बोअरचे पाणी ही दुसरी मर्यादाही ओलांडते. असे पाणी गाडीवर सुकले की पाणी उडून जाते आणि क्षार जागेवर राहतात. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर साचणारा पांढरा थर प्रत्येकाने पाहिलेला आणि खरवडलेला असतो. तोच थर थेंबाथेंबाने गाडीवर बसतो, एवढे सांगितले की मालकाला वेगळे समजावावे लागत नाही.

या डागांत फरक असतो आणि तो मालकाला माहीत असला पाहिजे. साधे मीठ साध्या स्वच्छ पाण्याने विरघळून जाते, मात्र ते दारांच्या सांध्यांत, नंबर प्लेटच्या मागे आणि बीडिंगखाली (काचा-दारांच्या कडेच्या रबरी पट्टीखाली) साचून राहिले तर पत्रा गंजवते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाण्याने जात नाहीत, त्यांना सौम्य आम्ल लागते. ताजा डाग असेल तर पांढरे व्हिनेगर आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे घेऊन, गाडी थंड आणि सावलीत असताना, ओल्या मायक्रोफायबरने (अतिबारीक कृत्रिम तंतूंच्या मऊ कापडाने) डागावर मिनिटभर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवून टाकावे. तापलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करायचा नाही, आणि क्रोमच्या पट्ट्यांवर किंवा उघड्या ॲल्युमिनियमवरही नाही. तिसरा प्रकार उन्हात भाजून क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडलेल्या डागाचा. बोट फिरवले तर काही लागत नाही, पण वाटीसारखी कडा दिसते. तो व्हिनेगरने जात नाही. तिथे घरी घासाघाशी न करता गाडी आपल्याकडेच आणावी, असे स्पष्ट सांगा.

खारपाणपट्ट्यातल्या मालकाला मी एक सोपी वाट सुचवतो. धुलाई बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याने झाली तरी चालेल, पण शेवटचे पाणी गोडे असावे. हल्ली बहुतेक मोठ्या गावांत आरओच्या पाण्याचा जार मिळतो. त्यातले पाच-सात लिटर पाणी झारीने छतावरून सावकाश सोडले की वरचे खारे पाणी वाहून जाते आणि जे थेंब उरतात ते डाग पाडत नाहीत. घरच्या आरओच्या नळीतून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये, कारण गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. काटकसर म्हणून पुष्कळ घरांत हे पाणी गाडीसाठी साठवले जाते, तेव्हा हे मुद्दाम सांगा. पावसाळ्यात पहिले काही पाऊस पत्र्यावरची धूळ धुवून गेल्यानंतर पन्हाळीखाली ड्रम लावून धरलेले पाणी गाडीच्या शेवटच्या धुलाईसाठी उत्तम असते. एसीतून ठिबकणारे पाणीही जवळपास क्षारमुक्त असते, मात्र ते स्वच्छ भांड्यात धरावे. स्वतःसाठी एक टीडीएस मीटर घ्या. गिऱ्हाइकाला त्याच्या घरचे पाणी बाटलीत आणायला सांगा, त्याच्यासमोर मोजा, आणि त्याच पाण्याचे दोन थेंब त्या भंगारातल्या बॉनेटवर टाकून ते उन्हात ठेवा. चहा संपेपर्यंत पांढरे वर्तुळ तयार होते.

धुण्याची पद्धत शिकवताना कमीत कमी वस्तू सांगा, कारण यादी लांबली की माणूस पुन्हा फडक्यावर येतो. दोन बादल्या, एक वॉश मिट (हातात घालून गाडी धुण्याचा मऊ मोजा), दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल आणि गाडीचा शाम्पू एवढे पुरते. वेळ सकाळी ऊन चढण्याआधीची किंवा सूर्य कलल्यानंतरची. बॉनेटवर तळहात ठेवून चटका बसत असेल तर धुवायचे नाही, कारण शाम्पू आणि पाणी दोन्ही धुण्याआधीच सुकते. आधी नुसते पाणी सोडून सैल धूळ वाहू द्यावी. या पहिल्या पाण्यात जितका वेळ द्याल तितक्या रेघा कमी. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, मिट शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, नंतर तो साध्या पाण्यात पिळून काढावा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा, म्हणजे गाडीवरून निघालेली माती पुन्हा गाडीवर जात नाही. वरून खाली यावे, हात सरळ रेषेत फिरवावा, आणि दारांचा खालचा भाग व बंपर सगळ्यात शेवटी घ्यावा. चाकांसाठी वेगळे कापड ठेवावे आणि ते रंगाला कधीही लावू नये. पुसताना टॉवेल रगडायचा नसतो. तो पसरून ठेवायचा आणि हलके ओढायचा.

शाम्पूऐवजी कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरण्याबद्दल हमखास विचारले जाईल. कपड्यांची पावडर चांगलीच क्षारधर्मी असते आणि कपड्यावरचे तेल काढणे हेच तिचे काम असते. ती आपण लावलेले वॅक्स काढते आणि रबरी बीडिंग कोरडे पाडते. शिवाय पूर्ण न विरघळलेले तिचे दाणे मिटखाली घासले जातात. गाडीचा शाम्पू उदासीन म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि क्षारधर्मीही नाही असा असतो, आणि झाकणभर शाम्पू बादलीला पुरत असल्याने तो फार महागही पडत नाही. डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची पद्धत अजून काही ठिकाणी टिकून आहे. ती चमक तेलाची असते. संध्याकाळपर्यंत तिच्यावर दुप्पट धूळ चिकटते, आणि रबर फुगून सैल पडते.

मायक्रोफायबरचे कापड आपण देतो, पण त्याची निगा सांगत नाही. ते इतर कपड्यांबरोबर धुतले की सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकतात; कपडे मऊ करणारे द्रव लावले की त्याची पाणी शोषण्याची ताकद जाते; आणि कुंपणाच्या तारेवर वाळत घातले की वाऱ्याबरोबर त्यात रेती बसते. ते घरात किंवा सावलीत वाळवावे आणि घडी करून पिशवीत ठेवावे. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय रंगाला लावायचे नाही, हा नियम मी फार कडकपणे सांगतो.

एप्रिल-मेमध्ये वेगळाच प्रश्न उभा राहतो. ज्या गावात टँकर येतो, जिथे बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात, तिथे नळी लावून गाडी धुवा असे मी कोणाला सांगत नाही आणि आपणही सांगू नये. उघड्या नळीतून मिनिटाला सहज दहा लिटर पाणी जाते. या दिवसांसाठी रिन्सलेस वॉश नावाचे द्रव मिळते. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते अर्ध्या बादली पाण्यात मिसळायचे, आधी फवाऱ्याने गाडीवर मारून धूळ ओली होऊ द्यायची, मग त्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरच्या घडीने एकेक भाग उचलल्यासारखा पुसायचा आणि प्रत्येक भागाला घडीची नवी बाजू घ्यायची. यातले वंगणासारखे घटक कणाला वेढून रंगापासून वेगळे ठेवतात आणि नंतर पाण्याने धुवावे लागत नाही. उन्हाळ्याच्या धुळीला हे उत्तम चालते, पावसाळ्याच्या चिखलाला चालत नाही. फवाऱ्यासाठी शेतातला फवारणीचा पंप कधीही वापरू देऊ नका. धुतलेला वाटला तरी त्याच्या नळीत आणि नोझलमध्ये औषधाचा अंश राहतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गाडीसाठी वेगळा छोटा पंप घ्यावा आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘गाडी’ असे लिहावे.

पावसाळ्यात काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, मडगार्डच्या आत लिंपल्यासारखी बसते आणि सुकली की दगड होते. तिला खुरपीने किंवा पेचकसाने खरवडू नये. आधी पाणी मारून अर्धा तास भिजू द्यावी, मग जोराच्या पाण्याने सोडवावी. मडगार्डच्या कडा, दारांच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची भोके आणि वायपरखाली साचणारा पालापाचोळा या तीन जागा महिन्यातून एकदा मोकळ्या केल्या तर गंजाचे अर्धे संकट टळते. तालुक्याच्या वॉशिंग सेंटरवर गाडी न्यायला माझी हरकत नाही, फक्त तिथे कामाची मर्यादा ठरवून द्यावी. गाडीच्या खालून, मडगार्डमध्ये आणि चाकांवर प्रेशरचे पाणी मारून घ्यावे, रंगावर मारताना नोझल हातभर दूर ठेवायला सांगावे, आणि दिवसभर सगळ्या गाड्यांवर फिरलेला त्यांचा स्पंज आपल्या गाडीला लावू देऊ नये. शेवटी खालून डिझेल किंवा जळके तेल फवारून देतात तेही नको. त्याने रबरी बुश (जोडांमधल्या रबरी गाद्या) खराब होतात आणि त्यावर माती आणखी घट्ट बसते.

डागांच्या बाबतीत वेळ महत्त्वाचा असतो, एवढे लक्षात आणून दिले की पुरे. पक्ष्यांची विष्ठा, रात्रीच्या प्रवासात बंपरवर चिरडलेले किडे, मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली लावलेल्या गाडीवर पडलेली चिकट फुले, लिंबाखालचा चिकटा हे सगळे त्याच दिवशी काढले तर पाण्याने निघते, आणि आठवडाभर उन्हात राहिले तर रंगात उतरते. ओल्या कापडाची घडी डागावर दहा मिनिटे ठेवावी आणि मग अलगद उचलावी; नखाने खरवडू नये. रस्त्याच्या डांबराचे ठिपके खोबरेल तेल लावून मऊ करावेत, पुसून घ्यावेत आणि ती जागा शाम्पूने धुवावी. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) खाऊन चालत्या गाडीतून थुंकल्यावर दाराबाहेर आणि बीडिंगवर जे ओघळ येतात त्यांत चुना आणि सुपारीचा रंग दोन्ही असतात. आपल्या भागात हा डाग इतका नित्याचा आहे की त्याबद्दल संकोच न करता सांगावे आणि त्याच संध्याकाळी तो धुवायला लावावा.

दसऱ्याच्या पूजेविषयी सांगताना जपून बोलावे. पूजा ही होणारच आणि व्हावी. फक्त कुंकू-हळद तेलात किंवा पाण्यात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओल्या कापडाने भिजवून अलगद काढावे. हळदीचा पिवळेपणा उन्हाने हळूहळू उडून जातो, पण कुंकवातला रंग पांढऱ्या गाडीवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर दीर्घकाळ राहतो. झेंडूचा हार बॉनेटवर टेकत असेल तर तो सुकेपर्यंत ठेवू नये. बंपरला बांधलेले लिंबू-मिरची अशा रीतीने बांधावे की लिंबाचा रस रंगावर ओघळणार नाही. लग्नात नवरदेवाची गाडी सजवायला मागितली तर नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मे महिन्याच्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद काही तासांत रंगावर वितळून बसतो. फुले दोऱ्याने बांधायला सांगावे, आणि पट्टी लावलीच असेल तर वरात परतल्यावर त्याच रात्री, शक्य तर गाडी सावलीत थंड झाल्यावर, ती तिरकी आणि सावकाश ओढून काढावी.

डिक्कीकडे ग्रामीण भागात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण आपल्याकडे कार ही अर्धी शेतीचीच गाडी असते. युरिया आणि मिश्र खते हवेतला ओलावा ओढून घेतात. पोत्यातून सांडलेले चार दाणे मॅटखाली गेले की पावसाळाभर तिथे ओल धरतात आणि पत्रा पोखरतात. डिक्कीत जाड ताडपत्री अंथरावी, तिच्या कडा वर वळवाव्यात आणि महिन्यातून एकदा मॅट उचलून खाली पाहावे. कीटकनाशकाची बाटली फुटली किंवा गळली तर ते साफ करण्याचे काम मालकावर सोपवू नका. दारे उघडी ठेवून, हातमोजे आणि मास्क घालून ते आपणच करावे, आणि लहान मुले बसणारी गाडी असेल तर मॅट सरळ बदलायला सांगावी.

आतल्या भागाबद्दल फार सांगावे लागत नाही. मॅट आठवड्याला बाहेर काढून झटकाव्यात, डॅशबोर्ड किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसावा, तेलकट चमक देणारे स्प्रे टाळावेत, कारण त्यावर धूळ बसते आणि दुपारच्या उन्हात समोरच्या काचेत त्यांचे प्रतिबिंब डोळ्यांवर येते. पावसाळ्यात ओल्या मॅट तशाच ठेवल्या की बुरशीचा वास येतो, आणि तो अत्तराने झाकत बसण्यापेक्षा मॅट वाळवणे सोपे आहे. एसीच्या केबिन फिल्टरची जागा एकदा मालकाला दाखवून ठेवावी.

सिरॅमिक कोटिंग करून घेतलेल्या मालकाला जास्त वेळ द्या. पैसे मोठे मोजलेले असतात, आणि आता गाडीला काही होत नाही असा त्याचा समज झालेला असतो. काही वेळा तो विकणाऱ्यानेच करून दिलेला असतो. कोटिंगमुळे माती लवकर सुटते, पाणी घरंगळते आणि ऊन-विष्ठा यांना रंग अधिक काळ तोंड देतो. पण कोटिंगवरही फडक्याने रेघा पडतात, आणि खारे पाणी थेंबाथेंबाने उभे राहत असल्याने डागांची ठळक वर्तुळे तर तिथे आणखी उठून दिसतात. कोटिंग पक्के होईपर्यंत, उत्पादकाने सांगितलेले सुरुवातीचे दिवस, बहुधा आठवडाभर, शाम्पूने धुवू नये हेही लिहून द्यावे.

राहिली धंद्याची शंका. रेघा काढण्याची कामे शिकवण्याने कमी होतात, हे खरे आहे. पण ती कामे सगळ्यात जास्त वेळ खाणारी असतात, आणि दर वेळी रंगाची जाडी मोजणारे मीटर लावून किती क्लिअर कोट उरला आहे याची धाकधूक आपल्याच जिवाला असते. शिकलेला मालक नियमित देखभालीसाठी, वॅक्ससाठी, आतल्या साफसफाईसाठी ठरल्या वेळी येतो, घासाघीस कमी करतो आणि गावातल्या आणखी दोघांना पाठवतो. गाडी पहिल्यांदा नेल्यावर साधारण महिनाभराने त्याला पाहणीसाठी विनामूल्य बोलवा, आणि येताना धुणारा माणूस, त्याचा मिट आणि टॉवेल सोबत आणायला सांगा. गाडी पाहण्याआधी टॉवेल उलगडून उजेडात धरा आणि त्यावरून हात फिरवा. त्यात रेतीचा कण, काडी किंवा वाळलेला तेलकट डाग लागला तर काय चुकते आहे ते तिथेच कळते, आणि नवा टॉवेल देऊन, जुना चाकांसाठी बाजूला काढायला सांगून, पुढच्या पावसाळ्याआधीची तारीख त्याच्याकडून लिहून घ्या.